सचित्र बालपुस्तकाची पहिली आवृत्ती कशी ओळखतात?

मॉरिस सेंडाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या पुस्तकाच्या कॉपीराइटच्या पानावर १९६३ हे साल असतं. पण त्यानंतर कित्येक वर्षांनी छापलेल्या प्रतींवरही तेच साल दिसतं, कारण ते कॉपीराइटचं साल आहे, छपाईचं नाही. संग्राहक पहिल्या छपाईच्या चांगल्या प्रतीला हजारो डॉलर मोजतात, तर पुनर्मुद्रणाला जुन्या पुस्तकाचीच किंमत येते. नुसतं साल पाहून घेणारा इथेच फसतो.

मराठी पुस्तकांवर ‘प्रथमावृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ बहुधा वेगवेगळं छापलेलं असतं. इंग्रजी जुन्या पुस्तकांच्या बाजारात मात्र ‘फर्स्ट एडिशन’ म्हणजे सर्वसाधारणपणे पहिली छपाई.

गेल्या काही दशकांतल्या पुस्तकांत हे शोधणं तुलनेनं सोपं असतं. कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची एक ओळ असते आणि तिच्यातला सर्वांत लहान आकडा कितवी छपाई ते सांगतो. १ असेल तर पहिली. रँडम हाउसची पद्धत मात्र अनेक वर्षं उलटी होती: ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द आणि २ पासून सुरू होणारी ओळ असली, की ती पहिली छपाई.

जुन्या चित्रपुस्तकांत अशी ओळ नसते. तिथे सुट्या वेष्टणावर बारीक नजर ठेवावी लागते. सेंडाक यांच्या पुस्तकाला १९६४ साली कॅल्डेकॉट पदक मिळालं, म्हणून पदकाचा छापील उल्लेख असलेलं वेष्टण मूळचं असूच शकत नाही. आयएसबीएन किंवा बारकोड असेल तरीही नाही, कारण तेव्हा ते नव्हतेच. मूळ वेष्टणाच्या घडीवर ३.५० डॉलर किंमत आहे. डॉ. स्यूस यांच्या ‘द कॅट इन द हॅट’ (१९५७) च्या घडीवर ‘२००/२००’ असं छापलेलं असतं, म्हणजे दोन डॉलर. नंतर ते ‘१९५/१९५’ झालं. पहिल्या छपाईच्या पुठ्ठ्यावर चकाकी नसते, हीसुद्धा खूण तपासतात. कोणी घडीचा कोपरा कापून किंमतच उडवली असेल, तर मोठा पुरावा गेला. मुळात किंमतच न छापलेलं वेष्टण बुक क्लबच्या स्वस्त आवृत्तीचं असण्याची शक्यता असते.

वेष्टण सुटं असल्यानं ते बदलताही येतं. पुनर्मुद्रणावर पहिल्या छपाईचं वेष्टण चढवलेलं किंवा नव्यानं छापलेली नक्कल घातलेली असू शकते. त्यामुळे ते काढून पुठ्ठा, कागद आणि बांधणी स्वतंत्रपणे पाहायला हवी.

कधी खूण मजकुरातच सापडते. बीट्रिक्स पॉटर यांनी ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ डिसेंबर १९०१ मध्ये पदरच्या पैशानं छापलं, अवघ्या २५० प्रती. फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी २०० काढल्या. पहिल्या खेपेचा कणा सपाट, दुसऱ्या खेपेचा गोलसर. मग ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न यांची रंगीत आवृत्ती आली. तिच्या सुरुवातीच्या छपायांत पान ५१ वर ‘वेप्ट’ हा शब्द आहे, जो पुढे ‘शेड’ झाला. १९०३ मध्ये चार चित्रंही गाळली गेली.

एरिक कार्ल यांच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ (१९६९) मध्ये आधी प्रकाशकाचं नाव पाहावं. पहिली आवृत्ती वर्ल्ड पब्लिशिंग कंपनीची, जपानमध्ये छापलेली. पानांना भोकं पाडण्याचं काम अमेरिकेत परवडणारं नव्हतं. त्या भोकांत मुलांची बोटं गेलेली, पानं फाटलेली अशाच प्रती जास्त, म्हणून स्वच्छ प्रत दुर्मीळ.