बँजो जपानचा, नाव अमेरिकेचं, हात मात्र आपला!

गणपती जवळ आले की पैठणमध्ये दोनच विषय चालतात. नाथसागरात पाणी किती, आणि मिरवणुकीला डीजे की बँजो? पाण्यावर आपण वर्षभर लिहितोच. आज जरा बँजोबद्दल.

मित्रांनो, आपण ज्याला बँजो म्हणतो तो मुळात बँजो नाहीच. बटणं दाबून वाजवायचं ते लांबट पेटीसारखं वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा जन्म १९१२ साली जपानच्या नागोया शहरातला. मोरिता गोरो नावाच्या माणसाने टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवली. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव पडलं ताइशोगोतो. तेच पुढे आपल्याकडे आलं आणि बुलबुल तरंग, जपान बँजो झालं. बलुचिस्तानात त्याचं बेंजू झालं. महाराष्ट्रात त्याला पिकअप लागला, ते अँप्लिफायरला जोडलं गेलं, सोबत ताशा-ढोल आले आणि उभी राहिली 'बँजो पार्टी'. २०१६ साली रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, तो याच वादकांवर.

मग खरा बँजो कुठला? नाव अमेरिकेचं, पण मूळ पश्चिम आफ्रिकेचं. भोपळ्याच्या कवटीवर कातडं ताणायचं, त्याला दांडी आणि तारा लावायच्या. जहाजांत कोंबून नेलेल्या गुलामांनी ही विद्या सोबत नेली. १७०७ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या हॅन्स स्लोन यांच्या ग्रंथात जमैकातल्या गुलामांच्या अशा वाद्यांचं चित्र आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात गोरे कलाकार तोंडाला काळं फासून, काळ्यांची टिंगल करत तेच वाद्य रंगमंचावर वाजवू लागले. वाद्य गाजलं. ज्यांचं होतं ते बाजूला राहिले.

कातडं आणि तार, हा मेळ तुम्हाला कुठे दिसतो? गोंधळ्याच्या तुणतुण्यात! खाली कातडं, त्यातून वर खुंटीपर्यंत गेलेली एक तार. म्हणजे बांधणीने बघाल तर बँजोचा भाऊ आपल्याकडे तुणतुणं आहे, बुलबुल तरंग नव्हे.

आता मुद्द्याचं. वाद्य विकत मिळतं, हात विकत मिळत नाही. तो बसावा लागतो. अमेरिकेतला जुना हात नखाने तारेवर वरून खाली मारायचा. दुसरी रीत उलटी: तर्जनीने तार खालून वर ओढायची आणि सूर काढायचा, लगेच नखाने बाकीच्या तारांवरून खाली फिरवायचं, मग अंगठ्याने आखूड पाचवी तार छेडायची. एका ओळीत सांगून झालं, पण बोटांना कळायला महिने जातात. आपल्याकडे सतार शिकणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. मिजराब घातलेली तर्जनी आत ओढली की 'दा', बाहेर ढकलली की 'रा'.

ही वर ओढायची रीत पीट सीगर यांनी घरोघरी नेली. शाळेत आपण 'हम होंगे कामयाब' म्हणतो ना, त्याचं मूळ इंग्रजी गाणं जगभर पोचवणाऱ्यांत हे आघाडीचे. १९४८ साली त्यांनी बँजो शिकवणारं पुस्तक काढलं. पहिली आवृत्ती साधी, सायक्लोस्टाइल केलेली. गुरू नसलेल्या गावातल्या पोरालाही बोट कुठून कुठे न्यायचं ते त्यातून कळलं. हात कागदावर उतरला, म्हणून टिकला.

आपल्या बँजोवाल्याचा हात कुठे उतरलाय? डावा हात बटणांवर, उजव्या हातात पट्टी, ती खाली-वर, खाली-वर. खाली जाणारा आघात आपसूक जोरात पडतो. वर येणारा कच्चा राहतो. तो खालच्याइतकाच भरीव झाला तरच सूर न तुटता लांबतो आणि सनईसारखा ऐकू येतो. मी ज्या वादकांशी बोललो, ते सगळे ऐकून, बघून शिकलेले. नोटेशन नाही, परीक्षा नाही, वर्ग नाही. विचारलं तर म्हणतात, "हात बसला की येतं, दादा."

अँप्लिफायरवरचा बँजोही मोठाच वाजतो, हे मान्य. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम दोघांनाही सारखेच, सवलतीचे दिवस सोडले तर रात्री दहानंतर दोघांनीही गप्पच बसायचं. पण डीजेच्या गाड्यावर एक लॅपटॉप असतो आणि बँजोच्या गाड्यावर दहा-बारा पोरांची रोजी. मंडळाने सुपारी डीजेला दिली की त्या पोरांचा सीझन जातो. दोन-तीन सीझन गेले की पोरगं दुसऱ्या कामाला लागतं, आणि बसलेला हात उठतो.

आपल्याच गावात पैठणी विणायला शिकवायचं सरकारी केंद्र आहे. ते नसतं तर मागावरचे किती हात आज उरले असते? वाजवणारा हातही हातच आहे. नगरपालिकेने, शाळांनी सुट्टीत महिनाभराचा बँजो आणि तुणतुण्याचा वर्ग घ्यावा. शिकवायला बाहेरून कुणाला बोलवायची गरज नाही, माणसं गल्लीत आहेत.

आणि तोवर आपण एवढं तर करू शकतो. तुमच्या ओळखीत जुना बँजोवाला किंवा गोंधळी असेल, तर त्यांना विचारून पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. कॅमेरा चेहऱ्यावर नको, उजव्या हातावर धरा.