कॉफीचें करावयाचें काय?

उभें पीक बुडालें तर शेतकरी हळहळतो; पण हातीं आलेलें पीक स्वतःच पेटवून देण्याची पाळी आली तर त्यास काय वाटत असेल, याचा अनुभव ब्राझिल देशाच्या मळेवाल्यांनीं घेतला आहे. १९३१ पासून १९४४ पर्यंत त्या देशानें सुमारें ७ कोटी ८० लक्ष गोण्या कॉफी नष्ट केली. एक गोणी ६० किलोची! त्या काळीं सारें जग तीन वर्षांत जेवढी कॉफी पीत असे, जवळजवळ तेवढी ही रास होती. सान्तोस बंदराच्या आसपास ढीगच्या ढीग पेटविले जात; कांहीं माल समुद्रांत लोटून दिला जाई. आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्यें बेकार मजूर पावाच्या तुकड्यासाठीं व पेलाभर कॉफीसाठीं धर्मार्थ रांगांतून ताटकळत उभे होते.

हा विपरीत प्रकार एका दिवसांत घडला नाहीं. कॉफीचें झाड लावल्यापासून तीन-चार वर्षांनीं फळूं लागतें. भाव चढला कीं मळेवाला नवीं झाडें लावतो. तीं फळास येईपर्यंत भाव उतरलेला असतो. पण झाडास त्याची काय कल्पना? तें आपलें फळतच राहतें. १९०६ सालीं साओ पावलो, मिनास जेराइस व रिओ द जानेरो या तीन प्रांतांनीं ताउबाते येथें एक करार केला. जादा माल कर्ज काढून विकत घ्यावा, कोठारांत ठेवावा आणि भाव सुधारला म्हणजे बाहेर काढावा, अशी ती योजना. योजना साधली, आणि साधली हेंच वाईट झालें. भावास आधार आहे असें दिसतांच ब्राझिलनें लागवड वाढविली, आणि ब्राझिलच्या खर्चानें टिकलेल्या भावाचा लाभ घेऊन कोलंबियासारख्या देशांनींही वाढविली. १९२९च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. कर्ज मिळेनासें झालें, गिऱ्हाईक आटलें, कोठारें मात्र तुडुंब भरलेलीं. १९३० सालीं जेतुलिओ वार्गास सत्तेवर आले, आणि पुढच्याच वर्षीं कॉफी आगीच्या स्वाधीन होऊं लागली.

जाळावयाचीच तर निदान तिच्यापासून कांहीं काम तरी घ्यावें, हा विचार ओघानेंच आला. दगडी कोळसा ब्राझिलला परदेशांतून आणावा लागे. तेव्हां आगगाडीच्या एंजिनांत कॉफी घालून पाहण्यांत आली. न्यूयॉर्क येथील हर्बर्ट पोलिन नांवाच्या रसायनज्ञानें तर कॉफीच्या दाण्यांपासून प्लास्टिक बनविलें व त्यास ‘काफेलाइट’ असें नांव दिलें. वर्तमानपत्रांतून त्याचा बराच गाजावाजा झाला. परंतु या साऱ्या खटपटींच्या मुळाशींच एक उणेपणा होता. दाण्यास किंमत नाहीं तोंवरच त्याचें इंधन वा प्लास्टिक परवडावयाचें. किंमत परत आली कीं तो पुन्हां पेल्याकडेच धांव घेणार. काफेलाइट हें नांव आज फारसें कोणास ठाऊकही नाहीं.

जें टिकलें तें वेगळेंच निघालें. मंदी सुरू झाल्यावर ब्राझिलकडून स्वित्झर्लंडांतील नेस्ले कंपनीकडे विचारणा झाली कीं, साठलेल्या कॉफीपासून गरम पाण्यांत विरघळणारी वडी करतां येईल काय? विरघळणारी कॉफी ही कल्पना नवी नव्हती. सातोरी कातो या जपानी रसायनज्ञानें १९०१ सालीं अमेरिकेंत बफेलो येथील प्रदर्शनांत तशी पूड मांडली होती. अडचण होती ती सुवासाची. अर्क आटवितां आटवितां सुवास उडून जाई, आणि मागें राही तें नुसतें कडू पाणी. हें काम माक्स मॉर्गेनथालर या रसायनज्ञाकडे आलें. कांहीं वर्षांनीं कंपनीनें नाद सोडला. यानें सोडला नाहीं. पदरचे पैसे खर्चून कॉफी आणावी आणि घरींच प्रयोग करावेत, असा त्याचा क्रम चालू राहिला. दूध-साखर घातलेल्या कॉफीचा सुवास अधिक टिकतो, एवढी एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानांत आली होती. त्या धाग्यानें जाऊन त्यानें अर्कांत पिष्ट जातीचीं द्रव्यें मिसळलीं व तो वाळवून पूड केली. वडी झाली नाहीं, पूड झाली; पण सुवास राहिला. १ एप्रिल १९३८ रोजीं ती ‘नेसकॅफे’ या नांवानें स्विस बाजारांत आली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन शिपायांच्या शिध्यांतून विरघळणारी कॉफी दूरदूर पोंचली. घरोघर दळण्याचें यंत्र व गाळणें नसलें तरी चालूं लागलें.

मंदीची झळ कूर्ग, म्हैसूर व निलगिरी येथील मळ्यांसही लागलीच होती. तेथें कोणी कॉफीचें प्लास्टिक करावयास गेलें नाहीं. नवा पिणारा कोठें मिळेल हें पाहिलें गेलें. १९३५ सालीं कॉफीवर उपकर बसवून एक समिति नेमण्यांत आली, आणि त्या पैशांतून १९३६ सालीं मुंबईंत चर्चगेट येथें पहिलें ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडलें. चहाची संवय जडलेल्या या शहरांत कारकून, विद्यार्थी व पत्रकार तेथें येऊन बसूं लागले, आणि एका पेल्यावर तासन् तास वाद घालणें हाही कॉफीचा एक उपयोगच ठरला. त्याचा हिशेब मात्र समितीच्या वहींत कधीं मांडला गेला नसावा. १९५०नंतरच्या दशकांत कॉफी बोर्डानें हीं गृहें बंद करावयास घेतलीं, तेव्हां नोकरीवरून निघालेल्या वाढप्यांनीं व इतर कामगारांनीं ए. के. गोपालन यांच्या साह्यानें १९५७ पासून सहकारी संस्था काढल्या, आणि त्याच कामगारांच्या हातून पेले पुन्हां भरले जाऊं लागले.