छप्पर नसलेली शाळा

आज मधल्या सुट्टीबद्दल बोलायचंय. तत्त्वज्ञानाच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं संयोजकांनी विचारलंच.

झालं असं, की परवा नातीला शाळेतून आणायला गेलो. पहिलीत आहे. म्हणाली, "आजोबा, आज आम्हाला ग्राउंडवर सोडलं नाही. दोन मुलं बोलत होती म्हणून." आता बघा, शिक्षा म्हणून काढून काय घेतलं? खेळ. बडबड केली म्हणून गणिताचा तास काढून घेतला, असं कधी ऐकलंय? (हशा) हसतोय खरा, पण मीही तेच केलंय. प्राध्यापक होण्याआधी दोन वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवत होतो. पाढे चुकले की मुलाला मधल्या सुट्टीत वर्गात बसवायचं आणि आपण चहाला जायचं. एक मुलगा खिडकीच्या गजांना नाक लावून उभा राहायचा. तो मला अजून दिसतो. तेव्हा मात्र त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

म्हणून मी शोधायला लागलो, की लहान मुलांच्या शाळेत मैदान आलं कसं, आणि त्या मैदानातून शिक्षक उठून गेला कधी?

स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क हे सूतगिरणीचं गाव. तिथे रॉबर्ट ओवेनने १८१६ साली कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. लहानग्यांना पुस्तकांचा जाच करायचा नाही, आणि हवा बरी असली की त्यांना बाहेर खेळू द्यायचं, अशी त्याची ताकीद होती. त्यांना सांभाळायला माणूस नेमला तो जेम्स ब्यूकॅनन, एक साधा विणकर. हा ब्यूकॅनन पुढे लंडनला गेला आणि तिथे त्याचं काम सॅम्युअल विल्डरस्पिनने पाहिलं. १८२० मध्ये विल्डरस्पिनने स्पिटलफील्ड्समध्ये, म्हणजे लंडनच्या विणकरांच्या गरीब वस्तीत, शिशुशाळा चालवायला घेतली.

या विल्डरस्पिनचं मैदान बारकाईने बघण्यासारखं आहे. जमिनीला विटा लावाव्यात असं तो सांगतो. का, तर विटा पाणी शोषतात आणि सर थांबल्यावर दहा मिनिटांत पोरं खेळायला मोकळी. (आमच्याकडे जून लागला की मैदानाला कुलूप!) मध्ये फळझाडं, कडेने फुलझाडं. फळं हाताला येतील अशी, पण तोडायची नाहीत. एका खांबाला दोर बांधून फिरता झोका केलेला. दोर मोजके, म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबणं आलंच. आणि रचायला लाकडी विटा. म्हणजे प्रत्येक वस्तूमागे विचार होता. वर्गात मूल गप्प बसतं ते मास्तर समोर असतो म्हणून. त्याचा स्वभाव कळतो तो खेळात. त्यामुळे विल्डरस्पिन म्हणतो, शिक्षकाने मैदानात असलंच पाहिजे. सद्गुण अंगी येतो तो करून करून, हे ॲरिस्टॉटलने सांगितलंय. विल्डरस्पिनने त्यासाठी जागा आखून दिली.

ग्लासगोच्या डेव्हिड स्टोने मैदानाला नावच दिलं, 'छप्पर नसलेली शाळा'. बाहेर जे घडलं त्यावर नंतर आत बसून मुलांशी बोलायचं, ही त्याची रीत.

मग इंग्लंडमध्ये १८६२ ची सुधारित संहिता आली. अनुदान कशावर? हजेरी आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर. अगदी लहान मुलं परीक्षेतून वगळली होती हे खरं, पण शाळा कशासाठी असते हे त्या हिशेबाने ठरून गेलं. मैदानात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला त्याबद्दल दमडी मिळणार नव्हती. निकालावर अनुदान देण्याची ही पद्धत थोड्याच वर्षांत आपल्या मुंबई इलाख्यातही आली. शिक्षक आत गेला आणि बाहेर उरली ती 'सुट्टी'.

आपल्याकडे त्याला पुन्हा बाहेर आणलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येईनात. काही गुरांमागे रानात. मग शाळाच त्यांच्या अंगणात गेली, चराईच्या कुरणात गेली. साहित्य काय, तर खडे, शिंपले, बिया, पानं. तिथे 'मुलांना बाहेर सोडू नका' ही शिक्षा देताच आली नसती, कारण बाहेर हीच शाळा.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत खेळाचं मैदान आहे, खेळाचं साहित्यही आहे. चांगलंच आहे. पण त्या मैदानात सुट्टीच्या वेळी शिक्षकाने काय करायचं, ते तिथे नाही.

नातीच्या शाळेतल्या पालकसभेत मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली-दुसरीची सुट्टी मोठ्या मुलांपासून वेगळी ठेवा आणि तेव्हा एक बाई मैदानात असू द्या. दुसरी, शिक्षा म्हणून खेळ बंद करू नका. पहिली मान्य झाली. दुसरीवर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, मग वर्ग ताब्यात कसा ठेवायचा?" प्रश्न खोटा नाही, एका वर्गात पन्नास मुलं आहेत. पुढची सभा दिवाळीनंतर आहे, तेव्हा मी परत जाणार आहे.