पाठीवरची विद्या

व्हिएन्नातील ‘स्पॅनिश रायडिंग स्कूल’ ही अश्वविद्येची संस्था नावाने स्पॅनिश असली, तरी तिचा स्पेनशी संबंध एवढाच की सोळाव्या शतकात हाब्सबुर्ग घराण्याने आपल्या पागेसाठी स्पॅनिश घोडे आणवले आणि १५८० मध्ये आजच्या स्लोव्हेनियातील लिपित्सा येथे त्यांची जी पैदास सुरू केली, तीच पुढे लिपित्सानर या नावाने ओळखली गेली. सम्राट सहावा चार्ल्स याने बांधवून घेतलेल्या आणि १७३५ मध्ये पूर्ण झालेल्या दालनात शिरताना स्वार आजही त्याच्या तसबिरीपुढे टोपी काढतो. प्रेक्षकांना या शिष्टाचाराचे अप्रूप असते. परंतु शाळेचे खरे वेगळेपण नवा घोडा मुरलेल्या स्वाराकडे आणि नवा स्वार मुरलेल्या घोड्याकडे सोपवण्याच्या रिवाजात आहे.

शिकाऊ स्वाराला तेथे ‘एलेव्ह’ म्हणतात. प्रारंभी त्याला ना लगाम मिळतो ना रिकीब. शिक्षकाच्या हातातील लांब दोराला बांधलेला अनुभवी घोडा वर्तुळात दुडक्या चालीने फिरत राहतो आणि वर बसलेल्याने केवळ मांडीच्या व कमरेच्या बळावर तोल सावरायचा असतो. मराठी पागांत कोवळे घोडे वळवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. येथे ते काम घोड्याकडे असून वळण माणसाला लावले जाते. लिपित्सानरचे शिंगरू काळे किंवा तपकिरी जन्मते आणि बहुधा सहा ते दहा वर्षांत पांढरे होते, त्यामुळे पांढराशुभ्र रंग हा या घोड्यांच्या बाबतीत जाणतेपणाची खूणही ठरतो.

या घोड्यांच्या उड्या अडथळा ओलांडण्यासाठी नसतात. ‘लेव्हाद’मध्ये घोडा मागचे पाय दुमडून, पुढचे उचलून स्थिर राहतो, ‘कुर्बेत’मध्ये तो मागच्या पायांवरच टप्प्याटप्प्याने उडत पुढे सरकतो, ‘काप्रिओल’मध्ये चारही पाय जमीन सोडतात आणि अंग हवेत आडवे होताच मागचे पाय झटक्यासरशी पाठीमागे फेकले जातात. स्वाराचे पाय त्या वेळीही रिकिबीत नसतात. गेरिनिएर या फ्रेंच अश्वशिक्षकाचा १७३३ मधील ग्रंथ शाळा प्रमाण मानत आली, तरी उडीपूर्वी घोड्याची पाठ खालून कशी भरून येते हे पानावर कळत नाही. ते आधी उडी मारलेल्या घोड्यावर बसूनच कळते. दीर्घकाळ संचालक राहिलेल्या आलोइस पोधाइस्की यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातच घोड्यांना गुरू म्हटले, ते उगाच नव्हे.

म्हणूनच १९४५ मध्ये बॉम्बवर्षावातून हलवलेल्या घोड्यांचा खेळ पोधाइस्कींनी ७ मे रोजी सांक्ट मार्टिन येथे अमेरिकी सेनापती पॅटन यांच्यापुढे करून संरक्षण मागितले, तेव्हा पणाला केवळ वंश लागला नव्हता. वंश घोड्यांच्या पुढच्या पिढ्यांतून वाढवता आला असता. शिकलेला घोडा मात्र अनेक वर्षांच्या तालमीतून घडतो. आजही कित्येक घोडे विशी उलटल्यावर काम करतात आणि ते थांबले की त्यांची रवानगी स्टायरियातील पीबरच्या कुरणांवर होते.