एका अपुऱ्या पुस्तिकेचे पाठभेद

पाठचिकित्सेच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, छापील पुस्तकाला पाठभेद असतात का?" मी बखरींच्या आणि संतवाङ्मयाच्या छापील आवृत्त्यांची नेहमीची उदाहरणे देऊ लागलो, तोवर त्यानेच एक उदाहरण पुढे केले. एका अमेरिकी खेळाच्या नियमपुस्तिकेच्या दोन मुद्रणांतली पाने. एकात 'हॉबिट' हा शब्द, दुसऱ्यात त्याच जागी 'हाफलिंग'. नियमपुस्तिका हा काही आपल्या अभ्यासक्रमातला वाङ्मयप्रकार नव्हे. ग्रंथालयात ती 'क्रीडा' या सदरात धूळ खात पडते. तरीही या पुस्तिकेचा इतिहास वाचू लागलो आणि त्यात आपल्याच विषयातले जुने प्रश्न भेटू लागले.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. जानेवारी १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून तो प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डॉन के या मित्रांनी आदल्या वर्षी काढलेल्या 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' या घरगुती संस्थेने एक हजार प्रती छापल्या. लाकडी नक्षीचा कागद लावलेली पुठ्ठ्याची पेटी, आत तीन चिमुकल्या पुस्तिका, किंमत १० डॉलर. पेट्या हातांनीच भरल्या गेल्या. खेळात पट नाही, सोंगट्यांची गरज नाही, जिंकणे-हरणेही नाही. एकजण पंच होऊन भुयारे आणि त्यातले राक्षस रचून ठेवतो. बाकीचे योद्धा, मांत्रिक वगैरे भूमिका घेऊन 'मी दार ढकलतो' असे सांगतात. शंका आली की फासे टाकायचे. म्हणजे सारा खेळ बोलण्यातून घडतो.

मुळात तो बोलण्यातच जन्मला होता. मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली यांनी १९६९ मध्ये एका युद्धखेळात खेळाडूंना सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्यांच्याच मंडळींपैकी डेव्ह अर्नेसन यांनी १९७१ पासून 'ब्लॅकमूर' नावाचे कल्पित राज्य आणि त्याखालची भुयारे उभी केली. नियम बरेचसे त्यांच्या डोक्यात होते. १९७२ च्या अखेरीस त्यांनी हा खेळ गायगॅक्स यांना खेळून दाखवला आणि मागून हस्तलिखित टिपणे पाठवली. त्यांचा विस्तार करून ग्रंथ सिद्ध केला तो गायगॅक्स यांनी. मुखपृष्ठावर दोघांची नावे आली. खेळ खेळवणारा एक आणि तो लिहून काढणारा दुसरा, ही जोडी मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना नवी वाटू नये.

लिहून काढताना बरेच काही सांडले. हाती आलेली पुस्तिका वाचून खेळ कसा खेळावा हे कळणे दुरापास्त होते. लढाईच्या नियमांसाठी ती १९७१ च्या 'चेनमेल' या दुसऱ्याच पुस्तकाकडे बोट दाखवी आणि रानातल्या प्रवासासाठी तिसऱ्याच कंपनीच्या एका खेळाचा पट मागे. शिवाय पुस्तिका मिळणेही कठीण. पहिल्या हजार प्रती वर्षाच्या आत संपल्या. महाविद्यालयीन मुलांच्या खिशाला १० डॉलर जड होते. मग झेरॉक्स प्रती फिरू लागल्या. शिकवणारा जवळ नाही, ग्रंथ अपुरा, अशा अवस्थेत वाचकाने काय करावे? त्याने उरलेला ग्रंथ स्वतः लिहिला.

फिनिक्सच्या केन सेंट आंद्रे यांनी मित्राकडची प्रत चाळली, ती त्यांना दुर्बोध वाटली आणि १९७५ मध्ये त्यांनी 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा आपला वेगळा खेळच प्रसिद्ध केला. कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी 'वॉरलॉक' नावाची आपली नियमावली छापली. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' ही पत्रिका सुरू केली. वाचकांनी आपापली पाने लिहून पाठवायची आणि त्यांनी ती एकत्र बांधून सर्वांना धाडायची. (आपल्या चक्रमुद्रित लघुअनियतकालिकांची आठवण झाल्यावाचून राहत नाही, फरक एवढाच की ही पत्रिका जवळजवळ पन्नास वर्षे टिकली.)

मला सर्वांत मोलाची वाटते ती एक छपाईची चूक. राक्षसांच्या कोष्टकात एक रकाना होता : अमुक राक्षस आपल्या गुहेत सापडण्याची शक्यता शेकडा किती. गुहेला इंग्रजीत 'लेअर'. जुळाऱ्याने अक्षरांची उलटापालट केली आणि रकान्यावर छापले गेले 'लायर', म्हणजे खोटारडा! काही खेळाडूंनी सरळ अर्थ लावला की हा राक्षस खोटे बोलण्याची शक्यता शेकडा इतकी, आणि तसे खेळलेही. अपपाठाने अर्थ बिघडवल्याची उदाहरणे आपण वर्गात देतो. अपपाठाने नवा व्यवहार सुरू केल्याचे इतके चोख उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

'हॉबिट'ची कथा साधी आहे. टोल्किनच्या साहित्याचे व्यापारी हक्क असणाऱ्यांनी १९७७ च्या सुमारास आक्षेप घेतला आणि पुढच्या मुद्रणांत शब्द बदलले. मुद्रणकाळ ठरवायला ही खूण आता उपयोगी पडते.

त्याच वर्षी एरिक होम्स या वैद्यकाच्या प्राध्यापकांनी नवशिक्यांसाठी सुबोध आवृत्ती संपादित केली, आणि त्याच वर्षापासून गायगॅक्स यांचे 'ॲडव्हान्स्ड' ग्रंथ येऊ लागले : १९७७ मध्ये राक्षसांचा, १९७८ मध्ये खेळाडूंचा, १९७९ मध्ये पंचांचा. हा शेवटचा ग्रंथ खेळाडूंनी उघडूही नये, असा दमच प्रस्तावनेत भरला आहे. अधिकारभेद पोथीपुरताच असतो असे कोणी समजू नये. १९७४ च्या तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी हेच गायगॅक्स वाचकांना सुचवत होते की अडेल तिथे आपले आपण ठरवा, तुमच्या वाटची कल्पना आम्ही कशाला करू? पाच वर्षांत सर्वत्र एकच प्रमाण पाठ हवा असा त्यांचा आग्रह झाला. स्पर्धा भरवायच्या तर एकवाक्यता लागते, हे खरे. धंदाही वाढला होता.

या नव्या ग्रंथांवर लेखक म्हणून अर्नेसन यांचे नाव नव्हते. ही स्वतंत्र कृती आहे, असे कंपनीचे म्हणणे. १९७९ मध्ये अर्नेसन न्यायालयात गेले. १९८१ मध्ये तडजोड झाली. ग्रंथ सिद्ध करण्याचे गायगॅक्स यांचे श्रम कमी लेखू नयेत, पण माझे मत अर्नेसन यांच्या बाजूचे आहे. हस्तलिखितापुढे उक्ती कमी पडते, म्हणून ती कर्तृत्व ठरत नाही काय?

पुढे हक्क 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'कडे गेले. २००९ मध्ये त्यांनी जुन्या ग्रंथांच्या अधिकृत संगणकीय प्रती विक्रीतून काढून घेतल्या, २०१३ मध्ये त्या परत आणल्या. मधल्या काळात जुने पाठ जपले ते बहुतांशी वाचकांनीच. जॉन पीटरसन यांनी २०१२ मध्ये या साऱ्याचा साधार इतिहास लिहिला आणि २०२४ मध्ये १९७३ चा कच्चा खर्डाही छापून उपलब्ध झाला. संशोधकाला आणखी काय हवे?

त्या विद्यार्थ्याने आता पाठभेदांचा तक्ता करायला घेतला आहे. 'लायर'पुढे त्याने 'अपपाठ' असा शेरा मारला होता. तो खोडून नुसते 'पाठ' लिही, असे मी सुचवले. तो अजून तयार नाही.