यकृतातील मेदाचे एमआरआय मापन
यकृतातील चरबीचे प्रमाण सुई न टोचता मोजण्याची पद्धत. पाणी आणि मेद यांतील हायड्रोजनचे प्रोटॉन किंचित वेगळ्या वारंवारतेने संकेत देतात, १.५ टेस्ला चुंबकात हा फरक सुमारे २२० हर्ट्‌झ असतो. त्यामुळे हे संकेत साधारण २.३ मिलिसेकंदांनी एकमेकांविरुद्ध जातात, ४.६ मिलिसेकंदांनी पुन्हा जुळतात. यावरून पाणी आणि मेद वेगळे काढण्याची रीत डिक्सन यांनी १९८४ मध्ये मांडली. मात्र विरुद्ध आणि जुळत्या क्षणांच्या दोनच प्रतिमांवर विसंबणे धोक्याचे : यकृतात लोह साठले असेल, तर संकेत लवकर विझतो आणि मेदाचा आकडा चुकतो. म्हणून आता सहसा सहा वेगवेगळ्या क्षणांचे संकेत (प्रतिध्वनी) नोंदवून संकेताची ही घट हिशेबात घेतात. त्यासाठी रुग्णाने एकदा श्वास रोखला की पुरते. मेदाचा वाटा साधारण ५ टक्क्यांहून अधिक आढळल्यास यकृत मेदयुक्त समजतात. बायोप्सीत यकृताचा इवलासा तुकडाच तपासला जातो, येथे सगळे यकृत दिसते. सूज मात्र या आकड्यावरून कळत नाही.