बोलणाऱ्या नदीचं गाव : लिमा शहरातला पहिला दिवस

श्रोतेहो, पेरू म्हटलं की आपल्याला आधी फळ आठवतं आणि देश मागाहून. ते फळही मूळचं अमेरिका खंडातलंच, पण आज आपल्याला जायचं आहे ते पेरू देशाच्या राजधानीत, लिमाला. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वसलेलं हे शहर आज कोटभर वस्तीचं आहे. एका दिवसात ते सगळं पाहून होणार नाही. म्हणून जुन्या चौकापासून सुरुवात करू आणि पाय नेतील तिथवर जाऊ.

जुलै महिना आहे असं समजा. आपल्याकडे आषाढसरी चालू असतात तेव्हा तिथे हिवाळा. सकाळी बाहेर पडलात तर आभाळ राखेसारखं, हवेत बारीक दहिवर, अंगावरचे कपडे दमट. तुम्ही म्हणाल, आता पाऊस येणार. नाही यायचा! लिमात वर्षाकाठी एक इंचसुद्धा पाऊस पडत नाही. किनाऱ्यालगत समुद्राचा थंड प्रवाह वाहतो. त्यामुळे धुकं दाटतं, पण ढग काही वर चढून बरसत नाहीत. खरं पाहता हा सगळा मुलूख वाळवंटच आहे.

मग एवढं मोठं गाव पाणी पितं कुठलं? अँडीज पर्वतातून उतरणारी रिमाक नावाची नदी आहे, तिचं. क्वेचुआ या तिथल्या जुन्या भाषेत रिमाक म्हणजे बोलणारा. त्याच शब्दाचा किनाऱ्यावरचा उच्चार पुढे लिमा झाला. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी शेकडो वर्षं इथल्या शेतकऱ्यांनी या नदीला पाट काढून खोऱ्यात मका, घेवडा, कापूस, मिरची पिकवली होती. १५३५ साली या खोऱ्यावर तावलिचुस्को नावाचा स्थानिक सरदार होता.

फ्रान्सिस्को पिझारो याने इंका साम्राज्य जिंकल्यावर आधी डोंगरातल्या हौहा गावी राजधानी केली. पण त्याला बंदर जवळ हवं होतं. त्याची माणसं जागा शोधत इथे आली. त्यांना पाणी, सरपण आणि कसलेली जमीन तयार मिळाली. १८ जानेवारी १५३५ रोजी पिझारोने शहर वसवलं. पुस्तकात आपण हे वाक्य सहज वाचून जातो. पण शेतकरी मंडळी, जरा थांबून बघा : जी जमीन आधीच भिजत होती, पिकत होती, तीवर दोरी धरून त्याने सरळ रस्ते आखले. याला वसवणं म्हणायचं की दुसऱ्याच्या बसल्या घरात शिरणं?

आता आपण त्याच मुख्य चौकात उभे आहोत. मधे १७ व्या शतकातलं काशाचं कारंजं, एका बाजूला राष्ट्राध्यक्षांचा वाडा, शेजारी मोठं चर्च. याच चौकात २८ जुलै १८२१ रोजी सान मार्तिन या सेनानीने पेरूच्या स्वातंत्र्याची घोषणा केली.

वाड्याच्या जागी पूर्वी पिझारोचं घर होतं. २६ जून १५४१ रोजी तिथेच त्याच्या शत्रुपक्षाच्या स्पॅनिश माणसांनी तलवारींनी त्याला ठार केलं. पुढे १८९१ पासून चर्चमध्ये काचेच्या पेटीत एक वाळलेला देह पिझारोचा म्हणून ठेवला होता. लोक येत, हळहळत किंवा मनातल्या मनात शिव्या देत. १९७७ साली तळघरात काम करताना मजुरांना एक शिशाची पेटी सापडली. तिच्यात कवटी होती, आणि पेटीवर पिझारोचं नाव कोरलेलं! तज्ज्ञांनी हाडं तपासली, तेव्हा तलवारीच्या जखमा या हाडांवर सापडल्या. काचेतल्या देहावर त्या नव्हत्या. म्हणजे पाऊणशेहून अधिक वर्षं लोक भलत्याच माणसाचं दर्शन घेत होते.

त्याच्या पुतळ्याची कथाही अशीच. १९३५ साली, शहराला चारशे वर्षं झाली तेव्हा, घोड्यावरचा पिझारो चर्चसमोर उभा राहिला. १९५२ साली तो चौकाच्या कडेला गेला. २००३ साली तिथूनही उचलला आणि मग नदीकाठच्या बागेत ठेवला. २०२५ च्या जानेवारीत तो पुन्हा चौकाजवळच्या एका बोळाशी आणून बसवला. त्याच बोळात तावलिचुस्कोच्या स्मरणार्थ एक ओबडधोबड शिळा उभारलेली होती. गुरुजी, वर्गात इतिहास शिकवताना या दोन स्मारकांची गोष्ट मुलांना सांगून पाहा. मुलं काय विचारतात ते ऐकण्यासारखं असेल.

चर्चमध्ये शिरलात की वरची कमान जरूर पाहा. दगडी वाटते, पण ती दगडाची नाही. लिमाला भूकंपांचा जुना शाप आहे. २८ ऑक्टोबर १७४६ च्या रात्री असा धक्का बसला की शहर बहुतेक भुईसपाट झालं, आणि समुद्राच्या लाटेने शेजारचं कायाओ बंदर जवळजवळ पुसून टाकलं. विटांच्या अवजड कमानी डोक्यावर कोसळल्या. सरकारने वरचे मजले नकोतच म्हटलं. बड्या घराण्यांनी ओरड केली. शेवटी तोड निघाली ती किंचाची. किंचा म्हणजे काय? लाकडाचा सांगाडा, त्यात वेत-बोरू विणायचे आणि वरून माती लिंपायची. आपल्या कोकणातला कूडच की हा! गरिबांच्या झोपडीतली ही युक्ती मग चर्चच्या छतापर्यंत चढली. कूड हलतो, डुलतो, पण एकदम अंगावर येत नाही.

दुपारी जेवायला बसलात की कुस्करलेल्या बटाट्यात लिंबू आणि पिवळी मिरची घालून केलेला ‘काउसा’ मागवा. बटाटा मूळचा याच अँडीजचा. पोर्तुगीजांनी तो शब्द आपल्या जिभेवर ठेवला.

दिवस कलायच्या आत मिराफ्लोरेस भागातल्या हुआका पुक्यानाला पोचायला हवं. उंच इमारतींच्या मधोमध कच्च्या विटांचा हा टोलेजंग चौथरा, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा. विटा आडव्या न ठेवता फडताळात पुस्तकं मांडावीत तशा उभ्या रचल्या आहेत, मधे किंचित फटी ठेवून. जमीन हलली की विटा थोड्या सरकतात आणि धक्का जिरतो. १७४६ च्या कितीतरी आधी कुणीतरी हे ओळखलं होतं. शहर वाढताना या जागेचाही बराच भाग घरांसाठी सपाट केला गेला. उरला तो १९८१ पासून नीट खोदून जपला आहे.

आता परतताना एखाद्या बागेपाशी थांबा. सुर्को नावाचा जुना पाट स्पॅनिश लोकांच्या आधीचा आहे आणि अजून वाहतो. शहराच्या दक्षिणेकडच्या कित्येक बागा त्याच्यावर भिजतात. माळी फळी उचलतो, पाणी वाफ्यात शिरतं. आपल्याकडे पाटाची पाळी आली की आपण करतो तेच.